नागरी बससेवा व सायकलमार्ग

शहरातील सार्वजनिक बसगाड्या आणि सायकलींसाठी राखलेले स्वतंत्र मार्ग यांची आखणी, उभारणी, चालन व अर्थव्यवहार यांविषयी शासन आणि स्थानिक स्वराज्य संस्था जे धोरण अवलंबितात, त्याचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. बस हे सामुदायिक व यांत्रिक वाहन, तर सायकल हे वैयक्तिक व मानवी शक्तीवर चालणारे. त्यामुळे प्रशासनात त्यांचा विचार बहुधा वेगवेगळ्या खात्यांत होतो. रस्त्यावर मात्र दोहोंची स्थिती सारखीच असते. दोन्ही थोड्या जागेत पुष्कळ माणसे नेतात आणि दोन्हींना मोटारी व यांत्रिक दुचाकी यांच्या गर्दीत आपली जागा स्वबळावर टिकविता येत नाही. बस मोठी व संथ असल्याने अडकून पडते, सायकल हलकी व असुरक्षित असल्याने बाजूला फेकली जाते. यामुळे बससेवा सुधारणे म्हणजे नव्या गाड्या खरेदी करणे आणि सायकलीस प्रोत्साहन देणे म्हणजे कडेला रंगीत पट्टा ओढणे, ही जी सर्वसाधारण समजूत आढळते, ती अपुरी ठरते. मूळ प्रश्न रस्त्यावरील मर्यादित जागा कोणास किती द्यावी, हा आहे.

रस्त्यावरील जागेची वाटणी : सु. साडेतीन मी. रुंदीच्या एका मार्गिकेतून, सलग हिरवा दिवा असल्यास, ताशी सु. १,८०० मोटारी जाऊ शकतात. चौकात निम्मा वेळ दिवा लाल राहतो असे धरल्यास ही संख्या ९०० वर येते. प्रत्येक मोटारीत सरासरी दीड माणूस धरला, तर त्या मार्गिकेतून ताशी १,३५० माणसे जातात. त्याच मार्गिकेतून मिनिटाला एक याप्रमाणे बस सोडली आणि तीत ५० प्रवासी असले, तर ३,००० माणसे जातात. शिवाय मार्गिका बराच वेळ मोकळी दिसते. हे मोकळेपण हीच राखीव मार्गिकेची राजकीय अडचण होय. शेजारी खोळंबलेल्या मोटारचालकास ती जागा वाया जात असल्याचा भास होतो आणि ती खुली करण्याची मागणी सुरू होते. उभ्या वाहनांच्या बाबतीतही असेच घडते. एका मोटारीस उभे राहण्यास लागणाऱ्या सु. १२ चौ.मी. जागेत आठ ते दहा सायकली सहज मावतात. परंतु सार्वजनिक रस्त्याची ही जागा खाजगी वाहनास विनामूल्य मिळणे हा हक्क असल्याचे बहुतेक भारतीय शहरांत गृहीत धरले जाते.

भारत सरकारने २००६ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात या विचाराला अधिकृत स्थान मिळाले. रस्त्याची जागा वाहनांच्या नव्हे, तर माणसांच्या संख्येच्या अनुषंगाने वाटली जावी, हे त्यातील सूत्र होते. त्यापूर्वी, २००५ मध्ये, जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू झाले होते आणि त्यातून शहरांना बसमार्गांसाठी निधी उपलब्ध झाला. म्हणजे तत्त्व व पैसा या दोन्ही गोष्टी सु. एकाच वेळी हाती आल्या. नंतरच्या वीस वर्षांत त्यांतून जे निष्पन्न झाले, ते मात्र शहरागणिक फार वेगळे आहे.

बससेवेचे गणित : बससेवेची गुणवत्ता प्रवाशाला प्रामुख्याने थांब्यावर कळते. गाड्या ठरावीक अंतराने आल्या, तर वेळापत्रक न पाहता येणाऱ्या प्रवाशास सरासरीने दोन गाड्यांमधील कालांतराच्या निम्मा वेळ थांबावे लागते. दर दहा मिनिटांनी गाडी असेल, तर ही प्रतीक्षा पाच मिनिटांची असते. परंतु गर्दीत सापडलेली गाडी उशिरा थांब्यावर येते, तोवर तेथे अधिक माणसे जमतात, ती चढविण्यात आणखी वेळ जातो आणि मागील गाडी तिला येऊन मिळते. याप्रमाणे दोन-दोन गाड्या एकापाठोपाठ दर वीस मिनिटांनी येऊ लागल्या, तर गाड्यांची संख्या तीच राहूनही सरासरी प्रतीक्षा दहा मिनिटांवर जाते. पुढील गाडी दाटीवाटीने भरते आणि मागील रिकामी धावते. चालकाच्या बेशिस्तीचा म्हणून जो प्रकार समजला जातो, त्याचे कारण पुष्कळदा असे असते.

वेगाचा परिणाम खर्चावरही होतो. पंधरा कि.मी. लांबीच्या मार्गावर एका पूर्ण फेरीस तीस कि.मी. अंतर पडते. ताशी १२ कि.मी. वेगाने या फेरीस १५० मिनिटे लागतात व दर दहा मिनिटांस गाडी द्यावयाची तर १५ गाड्या व तितके चालक-वाहक लागतात. वेग ताशी १८ कि.मी. झाला, तर तेच काम शंभर मिनिटांच्या फेऱ्यांत दहा गाड्या करतात. पाच गाड्यांची ही बचत कोणत्याही कारखान्यातून आणावी लागत नाही. ती रस्त्यावरील अडथळा दूर केल्याने होते. थांब्यावरील वेळही असाच वाचविता येतो. गाडीची फरशी फलाटाच्या उंचीची असणे, भाडे आधीच घेतलेले असणे व सर्व दारांनी चढउतार होणे, या तीन गोष्टींनी थांब्यावरील खोळंबा लक्षणीय प्रमाणात घटतो. वृद्ध, गरोदर स्त्रिया व चाकाच्या खुर्चीतील व्यक्ती यांच्या दृष्टीने तर पायरीविना चढता येणे म्हणजे प्रवास शक्य होणे वा न होणे होय.

गाड्यांची संख्या अर्थातच गौण नाही. केंद्र शासनाच्या सेवामानकांनुसार शहरात दर हजार लोकसंख्येमागे ०·६ वा अधिक बसगाड्या असणे ही उत्तम सेवा मानली जाते. पुणे व पिंपरी-चिंचवड यांना मिळून सेवा देणाऱ्या महामंडळाकडे सु. दोन हजार गाड्या असून या परिसराची लोकसंख्या पाहता हे प्रमाण मानकाच्या बरेच खाली राहते. येथे इतकेच लक्षात घ्यावयाचे की, संथ रस्त्यावर आणलेली नवी गाडीदेखील संथच चालते.

राखीव बसमार्ग : ब्राझीलमधील कूरितीबा शहराने वास्तुविशारद व महापौर जाइमी लेर्नर यांच्या कारकीर्दीत १९७४ मध्ये रस्त्याच्या मध्यभागी बससाठी स्वतंत्र मार्ग सुरू केला. भूमिगत रेल्वेचा खर्च न झेपणाऱ्या शहराने रेल्वेचे गुण बसमध्ये आणण्याचा हा प्रयत्न होता. भाडे आधी घेऊन फलाटावरून समपातळीत चढण्याची सोय असलेली नळीच्या आकाराची स्थानके तेथे १९९१ मध्ये आली. याहून मोठ्या प्रमाणावर हा प्रयोग कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे झाला. तेथील जुन्या खाजगी बसगाड्यांच्या चालकांचे उत्पन्न उतारूंच्या संख्येवर ठरे, त्यामुळे पुढील थांब्यावरील उतारू आधी उचलण्यासाठी गाड्यांची शर्यत लागे; स्थानिक लोक या प्रकारास ‘पैशाचे युद्ध’ म्हणत. एन्रिके पेन्यालोसा यांच्या महापौरपदाच्या काळात (१९९८–२०००) हे चित्र बदलण्याचे काम हाती घेण्यात आले आणि डिसेंबर २००० मध्ये ‘त्रान्समिलेन्यो’ ही सेवा सुरू झाली. स्थानकांपाशी एका गाडीने दुसरीस ओलांडण्यासाठी जादा मार्गिका ठेवल्यामुळे थेट व जलद फेऱ्या शक्य झाल्या व गर्दीच्या वेळी एका दिशेने ताशी सु. ४० हजार उतारू नेण्याची क्षमता निर्माण झाली. गाडीमालकास मोबदला उतारूंवर न देता कापलेल्या अंतरावर देण्यात येऊ लागल्याने शर्यतीचे कारणच उरले नाही. पुढे मात्र मार्गांचा विस्तार मंदावला, गर्दी असह्य झाली आणि २०१२ मध्ये प्रवाशांनी उग्र निदर्शने केली. चांगली सेवा स्वतःच मागणी वाढविते व त्या मागणीस सतत पुरे पडावे लागते, याचे हे उदाहरण आहे.

भारतात असा पहिला मार्ग पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर असा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. त्याचा इतिहास बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण त्यात योग्य तत्त्वाची अपुरी अंमलबजावणी काय करते ते दिसते. मार्गिका सलग नव्हती. जेथे तिची सर्वाधिक गरज होती, त्या चौकांपाशी व पुलांपाशीच ती तुटत असे व बस पुन्हा सर्वसाधारण गर्दीत शिरे. थांबे रस्त्याच्या मध्यभागी असल्याने प्रवाशाला वाहनांचा प्रवाह ओलांडून तेथे पोहोचावे लागे आणि हे ओलांडणे सुरक्षित करण्याची व्यवस्था अपुरी होती. दुचाकी व मोटारी मार्गिकेत घुसत. गाड्यांच्या फेऱ्या पुरेशा नसल्याने मार्गिका रिकामी दिसे, आणि ती रिकामी दिसते म्हणून टीका होई. परिणामी वास्तविक दोष आखणीचा व देखरेखीचा असता, ‘बीआरटी’ या कल्पनेलाच पुण्यात वाईट नाव मिळाले. या अनुभवावरून धडा घेऊन बंदिस्त स्थानके व समपातळीतील फलाट असलेले मार्ग २०१५ मध्ये संगमवाडी–विश्रांतवाडी व औंध–रावेत येथे सुरू करण्यात आले. ते आधीच्या मार्गापेक्षा पुष्कळच सरस होते. तथापि नगर रस्त्यावरील त्याच पद्धतीचा मार्ग २०२३-२४ च्या सुमारास काढून टाकण्यात आला.

अहमदाबाद येथील ‘जनमार्ग’ ऑक्टोबर २००९ मध्ये सुरू झाला. तेथे प्रारंभापासून स्थानके बंदिस्त ठेवली गेली, स्वतंत्र कंपनीकडे संचालन सोपविले गेले आणि आधी रुंद रस्त्यांवर काम पूर्ण करून मग गर्दीच्या भागाकडे वळण्याचे धोरण ठेवले गेले. दिल्लीने याउलट वर्दळीच्या आंबेडकरनगर–मूलचंद या ५·८ कि.मी. मार्गावर २००८ मध्ये आरंभ केला. मोटारचालकांचा विरोध तीव्र होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो मार्ग रद्द करण्याची मागणी फेटाळली. तरीसुद्धा २०१६ मध्ये तो उखडण्यात आला. नंतर भोपाळ व इंदूर येथील मार्गांवरही तीच वेळ आली. अशा प्रत्येक वेळी वाहतुकीची कोंडी हे कारण सांगितले गेले. मार्ग काढल्यावर त्यातील बस-प्रवाशांचा प्रवास किती लांबला, याचा हिशेब निर्णयापूर्वी जनतेपुढे क्वचितच ठेवला गेला, ही त्यातील खरी उणीव होय.

सायकलमार्ग : सायकलमार्गाचा प्रश्न प्राधान्याने सुरक्षिततेचा आहे. आदळणाऱ्या वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ताशी ५० कि.मी. वेगाच्या वाहनाचा आघात ताशी ३० कि.मी. वेगाच्या वाहनापेक्षा सु. पावणेतीन पट असतो. यावरून व्यवहारात दोन नियम निघतात. गल्लीबोळांत वाहनांचा वेगच ३० च्या मर्यादेत ठेवावा व तेथे सायकली इतर वाहनांबरोबर चालू द्याव्यात. मोठ्या रस्त्यांवर मात्र त्यांना उंचवट्याने वा अन्य अडसराने वेगळे करावे. केवळ रंगाचा पट्टा वाहनास अडवीत नाही. तो बहुधा मोटारी उभ्या करण्याची सोय होऊन बसतो.

नेदर्लंड्स हा सायकलींचा देश मुळातच तसा होता, असे मानणे चुकीचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारींसाठी रस्ते रुंद करण्यात आले व सायकलींचा वापर झपाट्याने घटला. १९७१ मध्ये तेथे रस्त्यांवरील अपघातांत सु. ३,३०० लोक मरण पावले व त्यांत चारशेहून अधिक मुले होती. या संतापातून ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा आशयाच्या नावाची चळवळ उभी राहिली. तोच १९७३ चे तेलसंकट आले व मोटारविरहित रविवार पाळण्यात आले. त्यानंतरच्या दशकांत रस्ते टप्प्याटप्प्याने पुन्हा आखले गेले. २०२३ मध्ये तेथील रस्त्यांवरील एकूण मृत्यू सातशेहून कमी होते. कोपनहेगनमध्ये सायकलमार्ग रस्त्यापेक्षा थोडा उंच व पदपथापेक्षा थोडा खाली, उभ्या मोटारी व पदपथ यांच्या मधोमध असतो. उभ्या मोटारीच सायकलस्वाराचे संरक्षण करतात. काही मार्गांवर ताशी २० कि.मी. वेगाने जाणाऱ्या सायकलस्वारास एकामागून एक हिरवे दिवे मिळतील, अशी योजना आहे. हिमवर्षावानंतर प्रमुख सायकलमार्ग तातडीने मोकळे केले जातात.

सायकलस्वारांचे गंभीर अपघात विशेषेकरून चौकांत घडतात. डावीकडे वळणारे जड वाहन सरळ जाणाऱ्या सायकलस्वारास आडवे येते, हा आपल्याकडील नेहमीचा प्रकार. त्यावर उपाय म्हणजे सायकलींना थांबण्याची रेषा मोटारींच्या पुढे ठेवणे, त्यांना काही क्षण आधी हिरवा दिवा देणे व कोपऱ्याच्या वळणाची त्रिज्या कमी करून वळणाऱ्या वाहनास वेग उतरविण्यास भाग पाडणे. बसथांब्यापाशी बस व सायकल यांचा आपसांतच संघर्ष उद्भवतो. डावीकडे कडेला येणारी बस सायकलमार्ग ओलांडते व उतरणारे प्रवासी सायकलींच्या वाटेत येतात. यासाठी सायकलमार्ग थांब्याच्या मागून न्यावा, थांब्याचा चौथरा मध्ये बेटासारखा ठेवावा आणि चौथऱ्याकडे जाण्याच्या ठिकाणी सायकलमार्ग उंचावून पादचाऱ्यास अग्रक्रम द्यावा. ही आखणी कागदावर सोपी असून दोन खाती एकत्र बसल्याविना प्रत्यक्षात येत नाही.

भारतातील सायकलमार्गांचे मानक जुने आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ मध्ये त्यासंबंधीची संहिता प्रसिद्ध केली व २०१५ मध्ये ती सुधारण्यात आली. मूळ संहितेत गर्दीच्या तासात ४०० वा अधिक सायकली असतील, तेथे स्वतंत्र मार्ग समर्थनीय मानला होता आणि मोटारींची वर्दळ ताशी २०० हून अधिक असल्यास १०० सायकलींनाही तो देता येईल, असे म्हटले होते. सायकली हेच सामान्यांचे वाहन असलेल्या काळात ही कसोटी वाजवी होती. पुढे भीतीने सायकलस्वार रस्त्यावरून नाहीसे झाले, तेव्हा तीच कसोटी उलटली. सायकली नाहीत म्हणून मार्ग नको आणि मार्ग नाही म्हणून सायकली नाहीत, अशी ही कोंडी आहे. नदीवरील पुलाची गरज पोहून जाणाऱ्यांची मोजदाद करून कोणी ठरवीत नाही.

पुण्याचे उदाहरण येथेही बोलके आहे. खडकीच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे कामगार, महाविद्यालयीन विद्यार्थी व विद्यार्थिनी, कचेऱ्यांतील कारकून या सर्वांचे वाहन सायकल असल्याने एके काळी हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. तासाच्या दराने सायकल भाड्याने देणारी दुकाने पेठापेठांत होती. स्कूटर व नंतर मोटारसायकल सुलभ झाल्यावर, शहर पसरल्यावर आणि बससेवा अपुरी राहिल्यावर लोक यांत्रिक दुचाकीकडे वळले. अभियानाच्या निधीतून अनेक रस्त्यांच्या कडेने पेव्हर ब्लॉकचे सायकलमार्ग बांधण्यात आले. परंतु ते झाडे, विजेचे खांब, रोहित्रे व दुकानांच्या पायऱ्या यांनी जागोजागी तुटलेले होते आणि प्रत्येक फाट्याशी त्यांवरून उतरावे व चढावे लागे. सायकल चालवून पाहिलेल्या कोणाही व्यक्तीस हा दोष पहिल्या शंभर मीटरांतच जाणवला असता. महानगरपालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच वर्षी सार्वजनिक भाड्याच्या सायकलींची योजनाही सुरू झाली. खाजगी कंपन्यांनी आणलेल्या त्या सायकली काही काळ पुष्कळ वापरल्या गेल्या, परंतु योजना टिकली नाही. चालविण्यास सुरक्षित जागा तयार होण्यापूर्वी वाहन पुरविले गेले, हा येथेही क्रमाचाच दोष होता. बोगोटाने याउलट १९७४ पासून रविवारी रस्ते मोटारींना बंद करून नागरिकांना आधी सवय लावली व पुढे बसमार्गांच्या जोडीने सायकलमार्गांचे विस्तृत जाळे उभारले.

प्रशासन व अर्थव्यवहार : बसच्या भाड्यातून तिचा सर्व खर्च निघावा, ही अपेक्षा जगातील फारच थोड्या शहरांत पूर्ण होते. त्यामुळे तूट कोणी व कोणत्या हिशेबाने भरावयाची, हे ठरविणे धोरणाचे काम होय. ग्रेट ब्रिटनमध्ये १९८५ च्या कायद्यान्वये लंडनबाहेरील बससेवा पुढील वर्षी खुल्या स्पर्धेस मोकळी करण्यात आली. लंडनमध्ये मात्र मार्ग व भाडे सार्वजनिक संस्थेने ठरवून फक्त गाड्या चालविण्याचे काम निविदेने देण्याची पद्धत आली. नंतरच्या काळात लंडनची सेवा वाढली आणि अन्य शहरांत उतारू घटत गेले; मँचेस्टर परिसराने २०२३ ते २०२५ या काळात आपली बससेवा पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणली. लंडनने १७ फेब्रुवारी २००३ पासून मध्यवर्ती भागात येणाऱ्या मोटारींवर गर्दी-आकार बसविला व त्याचे निव्वळ उत्पन्न परिवहनावरच खर्च करण्याचे कायदेशीर बंधन घातले. आकार सुरू होण्यापूर्वी बसगाड्या वाढविण्यात आल्या होत्या, हे विशेष.

मुंबईत बेस्ट उपक्रमाने जुलै २०१९ मध्ये किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणले व उतारू लगेच वाढले. परंतु उपक्रमाच्या स्वतःच्या गाड्या मोडीत निघत गेल्या, भाडेतत्त्वावरील गाड्या त्यांची जागा पुरेशा प्रमाणात भरून काढू शकल्या नाहीत आणि थांब्यांवरील प्रतीक्षा लांबली. मे २०२५ मध्ये किमान भाडे दहा रुपये करण्यात आले. स्वस्त भाडे व पुरेशा फेऱ्या यांपैकी एकाची निवड करावी लागली, तर कष्टकरी प्रवाशाला वेळेवर येणारी गाडी अधिक मोलाची वाटते, असे दिसते. कारण कामावर उशिरा पोहोचल्याने बुडणारी रोजंदारी भाड्यातील फरकापेक्षा कितीतरी अधिक असते. पुण्यात पुणे व पिंपरी-चिंचवड येथील दोन उपक्रमांचे २००७ मध्ये एका महामंडळात एकीकरण झाले व तूट दोन्ही महानगरपालिकांनी ६०:४० या प्रमाणात सोसण्याचे ठरले. एकीकरण आवश्यकच होते. तथापि रस्ते, पदपथ, सिग्नल व वाहनतळ हे विषय महामंडळाच्या हाती नसल्याने गाडी ज्या रस्त्यावर धावावयाची, त्यावर त्याचा अधिकार चालत नाही.

विजेवर चालणाऱ्या गाड्या पुण्यात २०१९ मध्ये आल्या व केंद्र शासनाने २०२३ मध्ये दहा हजार विद्युत् बसगाड्यांची योजना मंजूर केली. अशा गाड्या बहुधा कंत्राटदाराच्या मालकीच्या असतात व त्याला प्रति-कि.मी. ठरीव दर मिळतो. या करारात उतारूंसाठी शर्यत होत नाही. पण थांबा न घेता पुढे निघून जाण्याचा मोह चालकास होऊ शकतो, म्हणून वक्तशीरपणा, चुकविलेले थांबे व स्वच्छता यांसाठी दंडाची तरतूद व ती वसूल करणारी यंत्रणा असावी लागते. प्रभारणासाठी आगारात जागा व उच्च दाबाचा वीजपुरवठा लागतो. आगारांच्या जागा शहराच्या मध्यभागी व मौल्यवान असल्याने त्या व्यापारी संकुलांसाठी देण्याचे प्रस्ताव वारंवार येतात. आगार दूर गेले की प्रत्येक गाडीस सकाळी व रात्री उतारूंविना जादा अंतर कापावे लागते आणि तो खर्च दररोज चालूच राहतो.

वाहने उभी करण्यास मूल्य आकारणे हा या दोन्ही सुधारणांना पैसा व जागा एकदमच मिळवून देणारा उपाय होय. पुणे महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेने २०१८ मध्ये वाहनतळ धोरण संमत केले. विरोध झाल्याने ते आरंभी पाच रस्त्यांपुरते मर्यादित करण्यात आले आणि त्या पाच रस्त्यांवरील अंमलबजावणीही लांबणीवर पडली.